इंजिन तुटले, की तोडले?

यंदा पोंगलच्या सणाला मी तंजावरला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ताई लग्न होऊन तिकडे गेली त्यास आता सव्वीस वर्षे झाली. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५ साली ते राज्य संपले. परंतु त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गेलेली मराठी घराणी तेथेच रुजली. त्यांच्या घरांतून आजही एक निराळी, तमिळच्या सहवासाने गोड झालेली मराठी ऐकू येते. ताईचे सासर त्यांपैकीच एक.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. माझी भाची ओसरीवर वीणा जुळवीत बसली होती. भाचा, भावोजी आणि मी कॉफी घेत होतो. इतक्यात ‘टण्‌’ असा आवाज झाला आणि भाची ओरडली, ‘‘आई, तार तुटली!’’

स्वयंपाकघरातून ताईने हातातले काम न थांबवता विचारले, ‘‘तुटली, की तोडलीस?’’

आम्ही हसलो. भाचीही ओशाळून हसली. भाचा मात्र हसला नाही. त्याने कॉफीचा पेला अर्धाच ठेवला आणि तो उठून माडीवर गेला. तारेच्या त्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध असावा, हे मला संध्याकाळपर्यंत कळले नाही.

भाचा चोवीस वर्षांचा आहे. चेन्नईत नोकरीला असतो. त्याच्या कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांपाशी दोन आसनांची एक स्पोर्ट्‌स कार आहे. गाडी जुनी आणि हाताने गिअर बदलण्याची. या गृहस्थांनी पुष्कळ वर्षे पैसे साठवून ती घेतली आणि जिवापाड जपली. सुटीच्या दिवशी कधीकधी ते ती शर्यतीच्या धावपट्टीवर सरावासाठी नेतात. वाचकांस ठाऊक असेल की, मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमानतळ होता आणि १९५० नंतरच्या दशकांत त्याच्याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत असत. पुढे १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे मुद्दाम शर्यतीसाठी बांधलेला मार्ग तयार झाला. सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या या वळणावळणाच्या मार्गावर गेल्या डिसेंबरात त्या गृहस्थांनी भाच्याच्या हाती गाडीची किल्ली दिली आणि ‘‘दोन फेऱ्या मारून ये’’, असे सांगितले.

पहिली फेरी ठीक झाली. दुसऱ्या फेरीत एका उजव्या वळणातून बाहेर पडताना त्याने तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जाण्यासाठी दांडा खाली ओढला. तो चौथ्यात न जाता दुसऱ्यात पडला. क्लच सुटताक्षणी इंजिनाने किंकाळी फोडली, मागची चाके घासली आणि मग एक खडखडाट सुरू झाला, तो थांबलाच नाही.

हे सारे कसे घडते, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. मोटारीच्या इंजिनाची फिरण्याची एक मर्यादा असते. समजा, ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी भरवेगाने धावत असून इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत आहे. गिअरांचे प्रमाण सोयीसाठी असे धरू की, दुसऱ्या गिअरमध्ये गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिन २ फेरे घेते, तिसऱ्यात १.४ आणि चौथ्यात १. म्हणजे त्या क्षणी बाहेरचा दांडा मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी फिरत आहे. चौथा गिअर नीट पडला, तर इंजिन ५,००० वर येऊन सुटकेचा निःश्वास टाकील. परंतु दुसरा पडला, तर गाडीचा वेग काही त्या क्षणात कमी होत नाही. चाके आपल्या वेगाने फिरतच राहतात आणि तीच इंजिनाला ओढून १०,००० फेऱ्यांपर्यंत नेतात. एरवी इंजिन चाकांना फिरवते. येथे चाके इंजिनाला फिरवितात.

७,००० आणि १०,००० यांतील अंतर दीडपटीहूनही कमी दिसते. तथापि पिस्टनला खालीवर फेकणारे आणि कनेक्टिंग रॉडला ताणणारे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ते एकदम दुपटीवर जाते. व्हॉल्व्हांची गत त्याहून वाईट. ७,००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. त्याला मिटविण्याचे काम एक स्प्रिंग करीत असते. सेकंदाला ८३ वेळा मिटविण्याची पाळी आली की, स्प्रिंगला ते साधत नाही. व्हॉल्व्ह पुरता मिटण्यापूर्वीच खालून पिस्टन वर येतो आणि पुष्कळशा इंजिनांत त्याला धडकतो. व्हॉल्व्हाची दांडी वाकते, मग तो कधीच नीट बसत नाही. हे सारे एका सेकंदाच्या आत उरकते. चूक ध्यानात येऊन पाय पुन्हा क्लचवर जाईपर्यंत जे व्हावयाचे ते बहुधा होऊन गेलेले असते.

येथे कोणी विचारील की, आजकालच्या गाड्यांत इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून इंधन तोडणारी सोय असते. ती कोठे गेली? ती असते, आणि भाच्याने नेलेल्या गाडीतही होती. परंतु हा पहारेकरी एकाच दारावर उभा असतो. चालकाच्या पायाने अधिक इंधन मागितले, तर तो नाही म्हणतो. चालकाच्या हाताने चुकीचा गिअर टाकला, तर धोका मागच्या दाराने, चाकांकडून आत येतो. तेथे इंधन तोडून काहीच साधत नाही.

यंत्र बांधणाऱ्यांनी या मागच्या दारावरही उपाय शोधले. जर्मनीच्या मर्सिडीज कंपनीने १९५४ साली शर्यतीत उतरविलेल्या मोटारीत व्हॉल्व्ह मिटविण्याचे काम स्प्रिंगवर न सोपविता यंत्रणेनेच तो ओढून मिटेल अशी योजना केली. त्यामुळे जादा फेऱ्यांचा मार ते इंजिन पुष्कळ सोशीत असे. १९८९ साली फेरारीच्या शर्यतीच्या मोटारीत चालकाच्या हातून गिअरचा दांडाच काढून घेण्यात आला. सुकाणूच्या चक्रामागची एक पट्टी बोटाने दाबावयाची, गिअर यंत्र बदलणार. त्या वर्षीच्या ब्राझीलमधील पहिल्याच शर्यतीत ती मोटार जिंकली. आता तर अशा गिअरपेटीच्या अनेक गाड्या चालकाने चुकीचा गिअर मागितला तरी तो देतच नाहीत. जुन्या, हाताच्या गिअरच्या गाडीला मात्र नकार देता येत नाही. ती हाताची आज्ञा पाळते आणि स्वतः मोडते.

परंतु माडीवर भाच्याने मला जे सांगितले, त्यात गिअर चुकल्याचे दुःख अर्धेच होते. गाडी कशीबशी बाजूला उभी केल्यावर मालक धावत आले. ‘काय झाले?’ असे त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, ‘‘सर, आतून आवाज आला आणि इंजिन गेले.’’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आतून आवाज आला होता. इंजिन गेले होते. मालकांनी उलट त्याचेच सांत्वन केले. जुनी गाडी तुझ्या हाती द्यावयास नको होती, तुला काही झाले असते तर, म्हणून ते स्वतःच हळहळले. मग त्यांना आठवले की, दोन महिन्यांपूर्वीच एका मिस्त्रीने त्या इंजिनाचे काम केले होते. दोष त्याच्याच कामात असला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली. त्या मिस्त्रीकडे नुकसानभरपाई मागणारे एक पत्र इंग्रजीत लिहावयाचे होते. आणि तरुण, शिकलेला म्हणून ते काम त्यांनी भाच्यावरच सोपविले.

‘‘मामा, तुम्ही भाषेतले आहात. तेवढे पत्र लिहून द्याल का?’’ भाचा म्हणाला. ‘‘मिस्त्रीला फार लागेल असे नको. सौम्य शब्दांत.’’

मी त्याला म्हटले, ‘‘सौम्य शब्द हवे तेवढे देईन. पण वाक्याचा कर्ता कोण, ते आधी सांग.’’

मग मी त्याला एक जुनी हकीकत सांगितली; ती वाचकांनाही सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधील ल मॉं या गावी चोवीस तास चालणारी मोटारींची शर्यत होते. १९५२ च्या जून महिन्यात पिएर लव्हेग नावाचा ४६ वर्षांचा फ्रेंच चालक आपली टाल्बो मोटार घेऊन तीत उतरला. त्या काळी प्रत्येक मोटारीला दोन चालक असत; एकाने थकावे, दुसऱ्याने बसावे. लव्हेगचा जोडीदार रने मार्शां तयार उभा होता. पण लव्हेगने त्याला चक्र दिलेच नाही. रात्र सरली, सकाळ झाली, दुपार झाली, तरी तो एकटाच चालवीत राहिला आणि चार फेऱ्यांनी, म्हणजे पन्नासाहून अधिक किलोमीटरांनी, तो सर्वांच्या पुढे होता. शर्यत संपावयास एक तासाहून थोडा अधिक अवधी उरला असता त्याचे इंजिन मोडले. मर्सिडीजच्या हेरमान लांग आणि फ्रिट्‌झ रीस या जोडीला विजय मिळाला. युद्ध संपून अवघी सात वर्षे झालेल्या फ्रान्समध्ये, घरच्या मैदानावर, जर्मन मोटार जिंकली, याचे दुःख प्रेक्षकांस किती झाले असेल, याची कल्पना करता येईल.

लव्हेगचे इंजिन का मोडले? पुष्कळांनी सांगितले की, तेवीस तासांच्या थकव्याने त्याच्या हातून गिअर चुकला आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरले. लव्हेगचे म्हणणे निराळे होते. इंजिनात आधीपासूनच कंप जाणवत होता, दुसऱ्याच्या हाती ते टिकले नसते, म्हणूनच आपण उठलो नाही, असे तो म्हणे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतील. आधीच दुखावलेल्या इंजिनाला थकलेल्या हाताचा एक धक्का पुरेसा झाला असेल. या वादाचा निकाल लागला नाही. १९५५ साली त्याच मार्गावर झालेल्या भीषण अपघातात लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले.

‘‘मग मामा, त्याचेही नक्की कोणाला ठरविता आले नाही ना?’’ भाचा आशेने म्हणाला.

‘‘त्याचे नाही ठरले,’’ मी म्हटले, ‘‘तुझे तुला ठाऊक आहे.’’

तो गप्प राहिला. मग मी विचारले की, इंजिन उघडल्यावर मिस्त्रीला काय दिसेल? यंत्रांतले त्याला माझ्याहून अधिक कळते. त्यानेच सांगितले की, वाकलेले व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या माथ्यावर उमटलेले चंद्रकोरीसारखे व्रण पाहिले की, अनुभवी माणसाला बहुधा शंका येतेच. जुन्या शर्यतीच्या मोटारींत फेरे दाखविणाऱ्या घड्याळाला आणखी एक काटा असे. मोठा काटा खाली आला, तरी हा काटा सर्वांत उंच आकड्यावर तसाच राही आणि चालक उतरल्यावर प्रमुख येऊन आधी तो पाही. आता कित्येक गाड्यांतील संगणक हीच नोंद ठेवतो. इंजिन किती वेळा आणि किती मर्यादेबाहेर फिरले, ते त्यातून वाचून काढता येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी या ग्रंथालयाची मोठी वाढ केली, हे सर्वश्रुत आहे. त्यांना वैद्यकाचा नाद होता. नेत्ररोगांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी त्या संग्रहात आहेत. दुखणाऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि सोबत रोगाचे व उपचाराचे टिपण, असे त्यांचे स्वरूप आहे. डोळा कसा असावा, याचे ते चित्र नव्हे. तो त्या दिवशी जसा होता, तसा तो काढला आहे. पुढच्या वैद्याला औषध ठरविता यावे, एवढाच त्याचा उपयोग. भाच्याला हे मी काही शिकवण म्हणून सांगितले नाही. त्याच्या मनात मात्र तो दुसरा काटा फिरत असावा. कारण बाहेर पडताना तो एवढेच म्हणाला, ‘‘मिस्त्रीला इंजिन बरे करायचे आहे आणि मी त्याला चुकीचा रोग सांगतो आहे.’’

आता थोडे माझ्याविषयी. भाच्याला उपदेश करण्याचा मला किती अधिकार आहे, हा प्रश्न त्या रात्री मलाही पडला. काही वर्षांपूर्वी एका लेखाचे भाषांतर करताना ‘दहा लाख’च्या जागी मी ‘एक लाख’ लिहिले. वाचकांची पत्रे आली. पुढच्या अंकात आम्ही छापले : ‘मुद्रणदोषामुळे आकडा चुकीचा पडला, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ मुद्रणाचा त्यात यत्किंचितही दोष नव्हता. मजकुराची जुळणी करणाऱ्याने मी लिहिले तेच जुळविले होते. त्याने तो खुलासा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि तो काही बोलला नाही. पुढे त्याने ती नोकरी सोडली. त्याची क्षमा मागावयाची माझ्याकडून राहून गेली. पाहा, हे वाक्य लिहितानाही मी ‘राहून गेली’ असेच लिहिले. ‘मी मागितली नाही’ असे लिहिणे जड गेले.

आपली भाषा या कामी फार सोयीची आहे. पेला फुटतो, दोरी तुटते, काम बिघडते, वेळ चुकते, पैसे संपतात. जणू माणूस तेथे नव्हताच. फोडणारा, तोडणारा, बिघडविणारा या क्रियापदांच्या जोड्यांत शेजारीच उभा असतो. आपण त्याला बोलावीत नाही. तमिळमध्येही तेच आहे. ‘उडैन्ददु’ म्हणजे मोडले, ‘उडैत्तेन्’ म्हणजे मी मोडले. तंजावरच्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, आणि सबब दोन्हींत सारखीच मिळते. अर्थात प्रत्येक वेळी ‘तुटले’ म्हणणारा खोटारडा असतो, असे नव्हे. तारा जुन्या होतात, इंजिने झिजतात, पेले आपोआपही पडतात. पण ज्या वाक्यामुळे तिसऱ्याच्याच माथी दोष जातो, तेथे तरी क्रियापद निवडताना हात जपून चालवावा.

परतण्याच्या आदल्या रात्री भाच्याने पत्र आणून दाखविले. ते मिस्त्रीला नव्हते, मालकांना होते. इंग्रजीत पाचच वाक्ये होती. ‘चौथ्याऐवजी मी दुसरा गिअर टाकला. इंजिन माझ्या हातून मोडले. त्याच क्षणी हे सांगावयास मी भ्यालो. दुरुस्तीचा खर्च मी हप्त्यांनी देईन. मिस्त्रीकडे काही मागू नये.’ माझ्याकडून त्याला एक स्वल्पविराम हवा होता, तेवढा मी दिला.

आठवड्याने त्याचा फोन आला. मालक दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले की, रविवारी इंजिन उघडणार आहेत, तू ये. तो गेला. दोन सिलिंडरांतील व्हॉल्व्ह वाकले होते. खर्च त्याच्या आठ महिन्यांच्या पगाराइतका आहे. गाडीची किल्ली पुन्हा कधी मिळेल, असे तो विचारीत नाही आणि मालकही काही बोलत नाहीत. मिस्त्रीने मात्र त्याला समोर बसवून गिअरचा दांडा कसा धरावा, ते दाखविले. मुठीत आवळून ओढावयाचा नाही. उघड्या तळव्याने सरळ खाली आणावयाचा. मधल्या जागी येण्यासाठी त्याला स्वतःची स्प्रिंग असते. तिला तिचे काम करू द्यावे. उजव्या वळणातून निघताना अंग डावीकडे झुकते आणि आवळलेला हातही अंगाबरोबर डावीकडे, दुसऱ्या गिअरच्या बाजूला जातो. म्हणून आधी गाडी सरळ होऊ द्यावी, मग गिअर बदलावा. आणि कधी चुकलेच, तर इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये. गाडी ओढून न्यावी. वाकलेल्या व्हॉल्व्हनिशी ते फिरविले, तर थोडक्यात आटोपलेले नुकसान मोठे होते.

हे सारे सांगून भाचा म्हणाला, ‘‘मामा, त्यांनी मला एकदाही रागावून विचारले नाही. फक्त म्हणाले, बरे केलेस सांगितलेस. नाही तर मी माझ्याच कामातला दोष शोधीत बसलो असतो.’’

ते वाक्य ऐकल्यापासून मी आमच्या त्या जुन्या जुळणीकाराचा पत्ता शोधीत आहे. तूर्त येथे एवढे नोंदवून ठेवतो : तो आकडा मुद्रणात चुकला नव्हता, मी चुकविला होता.